साधी मोटार, अवघड गणित

वहीच्या वेष्टनावर किंवा कंपासपेटीच्या झाकणावर मोटारीचे चित्र असले, तर ती मोटार बहुधा शर्यतीची असते. जमिनीलगत बसलेली, लांब नाकाची, रुंद चाकांची. ती एका माणसाला ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने नेते. मारुती ८०० चे किंवा प्रीमियर पद्मिनीचे चित्र कंपासपेटीवर सहसा कोणी छापत नाही. अशा घरगुती गाड्यांकडे आपण वळूनही पाहत नाही. त्या इमारतीच्या आवारात उभ्या असतात, मंडईतून भाजी आणतात, आजोबांना दवाखान्यात पोहोचवतात आणि मे महिन्यात चार माणसे व आंब्याच्या दोन पेट्या घेऊन घाट चढून घरी येतात.

मित्रहो, आता एक प्रश्न. या दोहोंपैकी कोणती मोटार तयार करणे अधिक अवघड आहे?

शर्यतीची, असे उत्तर चटकन तोंडावर येईल. परंतु थोडा विचार करा. शर्यतीच्या मोटारीकडून मुख्य मागणी एकच असते, ती म्हणजे वेग. तिच्यात आजीला चढता-उतरता यावे लागत नाही. तिच्यात ट्रंक ठेवायची नसते. शर्यत संपली की तिचे इंजिन उघडून तपासायला तज्ज्ञांची फौज उभी असते. घरगुती मोटारीकडून मात्र एकाच वेळी दहा मागण्या असतात, आणि गंमत अशी की त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. बाहेरून ती लहान हवी, म्हणजे गल्लीत वळेल. आतून मोठी हवी, म्हणजे चौघे ऐसपैस बसतील. ती हलकी हवी, म्हणजे पेट्रोल कमी पिईल. मजबूत हवी, म्हणजे खड्ड्यांत खिळखिळी होणार नाही. ती स्वस्त हवी आणि टिकाऊही हवी. शिवाय बिघडली, तर तालुक्याच्या गावी साध्या गॅरेजात दुरुस्त झाली पाहिजे.

अशा ओढाताणीतून मार्ग काढण्याला तडजोड म्हणतात. हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. पण अभियांत्रिकीत उत्तम तडजोड साधणे ही फार वरच्या दर्जाची बुद्धिमत्ता समजली जाते. साध्या मोटारीच्या पोटात ती कशी दडलेली असते, हे आपण आता पाहू.

अंड्यांची टोपली

मोटारीकडून काय हवे, हे किती नेमके सांगता येते याचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधले आहे. १९३० नंतरच्या दशकात सित्रोएन या कंपनीचे प्रमुख प्येर-झ्यूल बूलांझे यांच्या मनात शेतकऱ्यांसाठी मोटार करायचे आले. त्या वेळी फ्रान्समधला लहान शेतकरी आपला माल घोडागाडीतून बाजारात नेत असे. बूलांझे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे मागणी ठेवली ती अशी : दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे बसले पाहिजेत, वेग ताशी ६० किलोमीटर मिळाला पाहिजे, १०० किलोमीटरला ३ लिटरच पेट्रोल लागले पाहिजे, आणि अंड्यांची टोपली ठेवून गाडी नांगरलेल्या शेतातून नेली, तरी अंडी फुटता कामा नयेत.

शेवटची अट सर्वांत कठीण होती. अंडे का फुटते? चाक ढेकळावर चढले की ते झटकन वर उचलले जाते. चाक आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंग ताठ असेल, तर तो सारा धक्का गाडीला आणि गाडीतून अंड्याला बसतो. स्प्रिंग मऊ असेल, तर चाक वर जाते, स्प्रिंग दबते आणि गाडीला फक्त हलकासा रेटा जाणवतो. मग स्प्रिंग मऊ ठेवली की झाले! पण तसे नाही. मऊ स्प्रिंगांची गाडी पुढचे चाक वर गेले की मागे झुकते, मग पुढे झुकते, आणि होडीसारखी डोलू लागते.

सित्रोएनच्या अभियंत्यांनी यावर एक नामी उपाय शोधला. गाडीच्या प्रत्येक बाजूचे पुढचे व मागचे चाक त्यांनी एकमेकांशी जोडले. दोन्ही चाकांच्या दांड्या मधल्या एका नळकांड्यातल्या स्प्रिंगांना बांधल्या. पुढचे चाक ढेकळावर चढून वर गेले की नळकांडे सरकते आणि मागचे चाक त्याच वेळी खाली दाबले जाते. त्यामुळे गाडीचे अंग पुष्कळसे सपाट राहते. ही मोटार महायुद्धामुळे लांबणीवर पडली आणि १९४८ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे नाव '२ सीव्ही'. इंजिन अवघे ३७५ घन सेंटिमीटरचे, शक्ती ९ अश्वशक्ती, आणि वर गुंडाळून ठेवता येणारे कापडी छप्पर. तिच्या रूपाची पुष्कळ टिंगल झाली. तरीही ती १९९० पर्यंत तयार होत राहिली आणि सुमारे ३८ लाख गाड्या रस्त्यावर आल्या. बाजाराला अंडी नेणाऱ्याला तिचे रूप कसे आहे याची फारशी फिकीर नव्हती.

गाडीच्या पोटातला बोगदा

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. जवळजवळ पाव शतक भारतात कुटुंबाची मोटार म्हणजे मुख्यतः दोन गाड्या. पहिली ॲम्बॅसडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून ती घेतलेली होती आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. दुसरी फियाट. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती बनत असे. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे ते भारतीय रूप. तिलाच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, आणि काळा-पिवळा रंग लेवून ती मुंबईची टॅक्सी झाली.

या दोन्ही गाड्यांची रचना जुन्या पद्धतीची होती. इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभे बसवलेले. त्याच्यामागे गिअरबॉक्स. तेथून प्रोपेलर शाफ्ट नावाचा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो आणि मागची चाके फिरवतो. ही रचना दणकट असते. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट हे भाग सुटेसुटे असल्यामुळे मेकॅनिकला एकेक भाग उतरवून पाहता येतो. पण तिच्यात जागा फार वाया जाते. उभ्या इंजिनासाठी बॉनेट लांब करावे लागते. शाफ्टला वाट देण्यासाठी गाडीच्या तळाला मधोमध एक उंचवटा ठेवावा लागतो. मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला का टेकतात, याचे उत्तर या बोगद्यात आहे.

या अडचणीतही पद्मिनीने एक युक्ती साधली होती. तिचा गिअरचा दांडा जमिनीतून वर आलेला नव्हता. तो स्टेअरिंगच्या खांबाला जोडलेला होता. त्यामुळे पुढची सीट अखंड बाकासारखी ठेवता आली. लग्नकार्याच्या दिवशी या बाकावर आणि मागे मिळून किती माणसे मावत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

कपाटातील खण

जागेचा हा प्रश्न सोडवायला निमित्त झाले ते एका युद्धाचे. १९५६ साली सुएझ कालव्यावरून संघर्ष पेटला, कालवा बंद झाला आणि इंग्लंडला येणाऱ्या तेलाची वाट अडली. पेट्रोल रेशनवर मिळू लागले. थोड्या पेट्रोलवर चालेल, पण जिच्यात चार मोठी माणसे नीट बसतील, अशी लहान मोटार लवकरात लवकर तयार करा, असे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने आपल्या ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितले.

इसिगोनिस यांनी विचार उलट बाजूने सुरू केला. आधी यंत्र ठेवून उरलेल्या जागेत माणसे बसवण्याऐवजी त्यांनी आधी माणसांची जागा ठरवली आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत यंत्र कसे बसेल ते पाहिले. उभे इंजिन त्या पट्टीत मावेना. मग त्यांनी ते आडवे केले.

घरातले एक पुस्तक घ्या आणि कपाटाच्या उथळ खणात ते आधी उभे, मग आडवे ठेवून पाहा. पुस्तक तेच, पण एका रीतीने ते खणाबाहेर डोकावते आणि दुसऱ्या रीतीने बरोबर बसते. इंजिनाचेही तसेच आहे. चार सिलिंडर एका रांगेत असल्यामुळे ते लांब असते, पण रुंद नसते. गाडीची रुंदी तर तशीही माणसांसाठी हवीच असते. तेव्हा इंजिनाची लांबी गाडीच्या रुंदीत मुरवली की बॉनेट आखूड होते. इंजिन पुढच्या चाकांजवळच असल्याने तीच चाके फिरवायची. मग मागे जाणारा शाफ्ट नको आणि बोगदाही जवळजवळ नाहीसा.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये ही 'मिनी' बाहेर पडली. लांबी फक्त १० फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. चाकांच्या रिमांचा व्यास १० इंच. कारण मोठी चाके आतली जागा खातात. गाडीने व्यापलेल्या जमिनीपैकी सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. त्याआधीच्या कोणत्याही लहान मोटारीला हे सहज साधलेले नव्हते.

सहा गोळ्यांचा सांधा

तुम्ही म्हणाल, इंजिन आडवे करण्याची युक्ती इतकी सोपी होती, तर ती आधी कोणी सर्रास का वापरली नाही? कारण तिच्यात एक मोठी अडचण दडलेली होती.

पुढच्या चाकांना दोन कामे करावी लागतात. गाडी ओढताना ती फिरत राहिली पाहिजेत आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळलीही पाहिजेत. म्हणजे इंजिनाकडून चाकाकडे जाणारा दांडा फिरता फिरता कोनात वाकला पाहिजे. दांडे कोनात जोडण्यासाठी एक साधा सांधा फार पूर्वीपासून माहीत होता. दोन चिमटे आणि त्यांच्यामध्ये अधिकचिन्हाच्या आकाराचा तुकडा, असे त्याचे रूप. ट्रकच्या पोटाखाली तो सहज दिसतो. पण त्याला एक खोड आहे. कोन मोठा झाला की पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरला, तरी दुसरा मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही. वळणावर मात्र स्टेअरिंग हाताला झटके देऊ लागते.

यावरचा तोडगा म्हणजे आल्फ्रेड झेपा यांनी १९२० नंतरच्या दशकात शोधलेला सांधा. यात एका वाटीत दुसरी लहान वाटी असते. दोघींच्या भिंतींवर सहा खोबणी कोरलेल्या असतात आणि त्यांत पोलादाच्या सहा गोळ्या बसवलेल्या असतात. दोन दांड्यांमध्ये कोणताही कोन झाला, तरी या सहाही गोळ्या त्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात. भूमितीत तुम्ही कोन दुभागायला शिकता ना? तोच हा दुभाजक! गोळ्या दोन्ही दांड्यांशी सारखाच कोन करून असल्यामुळे कोणाचीच बाजू जलद वा मंद होत नाही. म्हणून त्याला स्थिरवेग सांधा म्हणतात. मिनीमध्ये असाच सांधा वापरला गेला आणि आज पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये तो असतो.

हा सांधा वंगणात बुडालेला असतो आणि त्यावर रबराची घडीदार पिशवी चढवलेली असते. पिशवी फाटली की वंगण निघून जाते, धूळ आत शिरते आणि गोळ्या झिजतात. मग गाडी पूर्ण वळवताना 'कट्-कट्-कट्' असा आवाज येऊ लागतो. अनुभवी मेकॅनिक तो आवाज ऐकूनच दुखणे ओळखतो.

आणखी एक प्रश्न उरला होता. इंजिन आडवे केले, पण गिअरबॉक्स कोठे ठेवायचा? इसिगोनिस यांनी तो इंजिनाच्या खाली, इंजिनाच्याच तेलात ठेवला. जागा वाचली; पण एकच तेल दोघांची चाकरी करू लागले आणि दुरुस्ती किचकट झाली. इटलीत फियाटचे अभियंता दान्ते जाकोसा यांनी अधिक सोपी वाट काढली. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, एका टोकाला बसवला. त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांकडे जाणारे दांडे कमी-जास्त लांबीचे झाले, पण बाकी सारे सुटसुटीत राहिले. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये ही रचना आली. आज जगातील बहुसंख्य लहान मोटारी याच रचनेच्या आहेत. आणि योगायोग पाहा, आपल्या पद्मिनीची मूळ फियाट ११०० हीसुद्धा याच जाकोसांच्या हाताखाली आकाराला आली होती.

तीन सिलिंडरांची गोष्ट

ही नवी रचना भारतातील घराघरांत पोहोचली ती मारुती ८०० मधून. जपानच्या सुझुकी कंपनीच्या गाडीवरून ती बेतलेली होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीच्या किल्ल्या देण्यात आल्या. ॲम्बॅसडर सव्वाचार मीटरांहून लांब आणि हजार किलोंहून जड. मारुती मात्र सुमारे ३.३ मीटर लांब आणि साधारण ६५० किलो वजनाची. लोकांना ती खेळण्यासारखी वाटली. तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनात तर चारऐवजी तीनच सिलिंडर होते!

तीन का? सिलिंडर कमी म्हणजे दट्ट्ये, झडपा, कड्या हे सारे भाग कमी. घासणारे भाग कमी म्हणजे घर्षणात वाया जाणारी शक्ती कमी. इंजिन आखूड आणि हलकेही होते, त्यामुळे आडवे ठेवायला सोपे जाते. याची किंमतही मोजावी लागते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदा पेट घेतो. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांना एक ठोका पडतो. तीन असतील तर दर २४० अंशांना. ठोक्यांमधले अंतर वाढल्यामुळे, आणि दट्ट्यांची वर-खाली हालचाल पुरती समतोल न राहिल्यामुळे, गाडी जागेवर उभी असताना तिचे इंजिन किंचित थरथरते.

पण एवढ्याशा इंजिनाने घाट कसा चढायचा? सुरुवातीच्या मारुतीची शक्ती ४० अश्वशक्तीहून थोडी कमीच होती. चला, हिशेब करून पाहू. गाडी ६५० किलो. आई, वडील, दोन मुले आणि सामान मिळून २५० किलो. एकूण ९०० किलो. गुरुत्वाकर्षणाने तिच्यावर ९०० × ९.८, म्हणजे सुमारे ८,८०० न्यूटन बल असते. रस्ता दर १५ मीटरना १ मीटर चढतो असे समजू. तेव्हा गाडीला मागे ओढणारे बल त्याच्या पंधरावा हिस्सा, म्हणजे सुमारे ५९० न्यूटन. टायर रस्त्यावर दबत-उठत फिरतात, त्यात साधारण १३० न्यूटन जातात. एकूण ७२० न्यूटन. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. बल गुणिले वेग केले की शक्ती मिळते : सुमारे ६,००० वॅट. एक अश्वशक्ती ७३५ वॅटची धरली, तर उत्तर येते आठ अश्वशक्तीच्या आसपास!

या वेगाला हवेचा विरोध किरकोळ असतो आणि गिअरांच्या घर्षणात काही शक्ती गेली, तरी हाताशी पुष्कळ उरते. मग शर्यतीच्या गाडीला शेकडो अश्वशक्ती कशाला लागतात? तेथे शत्रू हवा असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ६० किलोमीटरला लहान मोटारीला हवेसाठी ढोबळ मानाने अडीच अश्वशक्ती पुरतात. १२० ला वीस लागतात. साध्या मोटारीचे शहाणपण हे, की तिने नको असलेल्या वेगासाठी मोठे इंजिन वाहून नेले नाही. एक भाग हलका केला की तो पेलणारा भागही हलका चालतो, मग इंजिन लहान चालते, पेट्रोलची टाकी लहान चालते. बचतीतून बचत होत जाते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची एक उणीवही सांगायला हवी. चढावर गाडीचा भार मागच्या बाजूला सरकतो. मागे माणसे आणि डिकीत सामान ठासून भरले असेल, तर पुढची चाके हलकी पडतात. ओल्या, शेवाळलेल्या चढावर ती जागच्या जागी घसरतात. तेथे जुन्या पद्धतीची ॲम्बॅसडर सरस ठरते. प्रत्येक तडजोडीला अशी दुसरी बाजू असतेच.

हलकेपणाचे मोल

आणि या गणितातली सर्वांत गंभीर दुसरी बाजू आहे सुरक्षिततेची.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर आतल्या माणसाला किती धक्का बसेल? तो सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. जीव वाचणे न वाचणे हे बरेचसे एका गोष्टीवर ठरते : माणूस किती अंतरात थांबतो? पट्टा न बांधलेला माणूस गाडी थांबली तरी तसाच पुढे जातो आणि डॅशबोर्डवर पाच सेंटिमीटरांत थांबतो. तेव्हा त्याच्यावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ २०० पट बल पडते. पट्टा बांधलेला असेल आणि गाडीचे नाक चुरगळत माणूस अर्धा मीटर अंतरात थांबला, तर हेच बल २० पटींवर येते. गादीवर पडणे आणि फरशीवर पडणे यांत जो फरक असतो, तोच हा.

म्हणून मोटारीचे नाक मुद्दाम चुरगळेल असे आणि माणसांचा कप्पा मुद्दाम न चुरगळेल असा करतात. ही कल्पना मर्सिडीझ-बेंझमधील बेला बारेन्यी या अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी मांडली. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले.

आता इंजिन आडवे करून आपण नाक आखूड केले होते, ते आठवा. माणसांना जागा मिळाली, पण चुरगळायला जागा कमी उरली! हलका पत्रा, आखूड नाक आणि कमी किंमत यांचा हिशेब एके दिवशी मांडला जाणारच होता. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले. पंचवीस लाखांहून अधिक गाड्या देशात विकून ती निवृत्त झाली. त्याच महिन्यात ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय लहान मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्याचे निकाल जाहीर केले. मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाचांपैकी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले.

याचा अर्थ लहान मोटार असुरक्षितच असते, असा नाही. त्यांतल्याच एका मोटारीची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे प्रश्न आकाराचा नव्हता. मागण्यांच्या यादीत कोणती मागणी लिहिली आणि कोणती लिहायची राहिली, हा होता. बूलांझे यांनी यादीत अंडी लिहिली, म्हणून अंडी सुरक्षित राहिली. आपण किंमत आणि पेट्रोल लिहिले, म्हणून ते साधले. पुढे यादी बदलली. १ जुलै २०१९ पासून भारतात चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली. अधिक ताकदीचे पोलाद वापरून, आणि कोणता भाग आधी चुरगळेल हे संगणकावर ठरवून, आजचे अभियंते आखूड नाकातही पुष्कळ ऊर्जा जिरवू शकतात.

गणित संपलेले नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मोटर लहान असते, त्यामुळे जागा आणखी वाचते. पण बॅटरीचे वजन शेकडो किलो वाढते. म्हणजे यादी तीच, आकडे नवे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून कायमची गेली. तिची जागा घेणारी गाडी कशी असावी, हे ठरवणाऱ्यांत उद्या तुमच्यापैकी कोणी असेल.

तुम्हीच मोजा

तोवर एक प्रयोग करून पाहा. ओळखीच्या तीन-चार मोटारी निवडा. मालकांची परवानगी घ्या आणि मोठ्या माणसाला बरोबर घ्या. मोटारी उभ्या आणि बंद असतानाच मोजमाप करायचे. टेपने पुढील मापे घ्या :

१. गाडीची पूर्ण लांबी, पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत.

२. ॲक्सिलरेटरच्या पायटीपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंतचे अंतर. ही झाली माणसांची लांबी.

३. मागच्या सीटपुढे तळाच्या मधल्या उंचवट्याची उंची.

दुसऱ्या मापाला पहिल्याने भागा आणि १०० ने गुणा. गाडीच्या लांबीचा किती टक्के भाग माणसांच्या वाट्याला आला, ते कळेल. जुनी गाडी आणि नवी गाडी, लांब डिकीची आणि आखूड मागची, अशा जोड्या लावून तक्ता करा. दिमाखदार, लांबलचक मोटारीचा आकडा कित्येकदा कोपऱ्यात उभ्या असलेल्या लहानशा गाडीपेक्षा कमी निघेल. तसा निघाला, तर त्या लहान गाडीचे बॉनेट उघडायला सांगा आणि आत इंजिन कसे बसवले आहे ते नीट पाहा.